दोऱ्याचा रंग

"काका, लाल आणि चॉकलेटी रिळं मला सारखीच दिसायला लागलीत," मधु हसत म्हणाला. "शेठ बोलला, भलताच दोरा मारलास पॅन्टला, चष्मा बनव."

मधु शिवरामचा शेजारी. बुवापाड्यातून रोज उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये जीन्स शिवायला जायचा. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता; ताप उतरला, तसा तो पुन्हा मशीनवर बसला होता.

आतल्या खोलीत किर्तीची बोटं कीबोर्डवर थांबली. तिने एका कानातला इयरफोन काढला.

"मधुदादा, कधीपासून होतंय हे?"

"झाला असेल आठवडा. नंबर लागला असेल गं."

"बाबा, याच्या गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचा जरा."

शिवरामने चष्मा चढवला आणि अक्षर लावत लावत वाचायला सुरुवात केली. इथॅम्ब्युटॉलला आल्यावर किर्ती म्हणाली, "बस."

किर्ती एका औषध कंपनीचं काम घरून करायची. जगभरचे डॉक्टर जे लेख लिहितात त्यांतून, कुठल्या औषधाने कुणाला काय बाधलं, ते हुडकून काढायचं. शिवरामची सगळी हयात केमिकल फॅक्टरीत गेली होती. आता मासळीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत जो भेटेल त्याला तो ऐकवायचा, "आमची पोर दुनियेच्या औषधांवर पाळत ठेवते."

त्या दुपारी ती जेवायलाही उठली नाही. शिवरामने ताट आत नेऊन दिलं.

"बाबा, या औषधाने डोळे बिघडतात हे सगळेच लिहितात," ती म्हणाली. "पण महिने जावे लागतात म्हणतात. मधुदादाला इतक्यात कसं झालं?"

मग तिने मधुच्या बायकोला हाक मारली. "शीलावहिनी, याला आधी काही मोठं दुखणं होतं का?"

"मुतखड्यासाठी अ‍ॅडमिट होते की. एक किडनी कमजोर आहे बोलले होते तेव्हा."

किर्तीने शोधात किडनी हा शब्द घातला. शेकडो लेखांच्या ढिगातून मोजकेच उरले. त्यातला एक ऐकता ऐकता ती ताठ बसली.

संध्याकाळी सगळे मिळून मधुला गोळ्या देणाऱ्या डॉक्टर मालिनींकडे गेले. प्रिंट काढलेले कागद शिवरामच्या हातात होते, पण बोलत होती किर्ती, आणि सगळं तोंडपाठ. कागद धरायलाच आपण आलोय असं शिवरामला वाटलं, आणि त्याची छाती फुगली.

"औषध मलाही माहीत आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "पण इतक्या लवकर सहसा होत नाही."

"किडनी कमजोर असेल तर ते अंगात साठतं, मॅडम. बाबा, वरचं पान द्या त्यांना. अगदी असाच पेशंट आहे."

डॉक्टरांनी पान पुरतं वाचलं. मधुला रंगीत ठिपक्यांचा तक्ता दाखवला. तो चुकत गेला. त्यांनी ती गोळी तिथल्या तिथे बंद केली, दुसरी लिहून दिली आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्टमध्ये किडनीचंच निघालं.

मधुचे रंग हळूहळू परत आले. पुढल्या तपासणीला डॉक्टरांनी शिवरामला आणि किर्तीलाही बोलावून घेतलं.

"ही केस मी लेख करून पाठवतेय," त्या किर्तीला म्हणाल्या. "त्यात तुमचं नाव असेल. याचे डोळे तुमच्यामुळे वाचले."

शीलाने पदर डोळ्यांना लावला.

"पण एक सांगा," डॉक्टरांनी विचारलं, "नुसत्या दोऱ्यावरून तुमच्या लगेच कसं लक्षात आलं?"

"कॉलेजात असताना मीही ह्याच गोळ्या घेत होते, मॅडम. तेव्हा शोधायला कुणी नव्हतं."

ती उठली. हवेत हात फिरवून तिने शिवरामचं कोपर शोधलं आणि म्हणाली, "चला बाबा. पायरी आली की सांगा."