थांबलेलं चाक

“चाक अजून फिरतंय, ताई,” हँडल धरून बसलेली आरोही म्हणाली.

“फिरू दे. तू ओढ,” वेदिका म्हणाली. खिडकीशी हजेरी लिहीत बसलेल्या सोमनाथ सरांना ऐकू जाऊ नये, म्हणून तिने आवाज अगदी खाली आणला होता.

गोदावरीकाठच्या त्या बोट क्लबच्या हॉलमध्ये एकच रोइंग मशीन होतं. सरकत्या सीटवर बसायचं, साखळीचं हँडल पोटाशी ओढायचं, की पुढचं पंख्यासारखं चाक घोंघावतं आणि पडद्यावर मीटर पडत जातात. शंभर मीटरचा स्प्रिंट म्हणजे जेमतेम एकोणीस सेकंदांचा मामला, आणि तो पहिल्या पाच ओढींतच ठरतो. थांबलेलं चाक जागचं हलवायला आधी पायांचा रेटा द्यायचा, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. चाक आधीच फिरत असेल, तर हे सगळे कष्ट वाचतात. म्हणून तर चाक पूर्ण थांबल्याशिवाय सुरुवात करायची नाही, असा नियम होता.

भिंतीवरच्या फळ्यावर दोन वर्षांपासून एक ओळ होती. मुली, १०० मीटर, वेदिका, १८.६ सेकंद. खडू पुसट झाला की वेदिका ती स्वतःच गिरवायची. दुसरं कोण गिरवणार? हा आकडा मोडेल तिलाच यंदा पुण्याच्या राज्य स्पर्धेला पाठवायचं, असं सरांनी जाहीर केलं होतं. आरोहीच्या घरी मखमलाबादला झेंडूचा मळा. दसऱ्याची तोडणी सोमवारी सुरू होणार होती. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर मशीन सोड आणि मळ्यात ये, असं वडिलांनी साफ सांगितलं होतं. आज शनिवार होता.

एप्रिलपासून आरोही १८.८ वर अडकली होती. आणि एप्रिलपासून वेदिका तिला एकच सांगत होती: तुझे गुडघे चुकतात, फार लवकर सरळ होतात. पोरगी हात धुऊन गुडघ्यांच्या मागे लागली होती. घरी फुलांच्या क्रेटशेजारी उकिडवी बसून पायांचा सराव करायची. आज तर डाव्या हाताच्या पाठीवर बॉलपेनने मोठ्या अक्षरांत ‘गुडघे’ असं लिहूनच आली होती. त्या अक्षरांकडे वेदिकाला बघवत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, निवड चाचणीच्या दिवशी, वेदिकाच्या आधीची चैताली उठली तेव्हा चाक गरगरत होतं. सर पाठ करून फोनवर बोलत होते. वेदिका बसली आणि तिने ओढलं. मुद्दाम? पहिल्या ओढीला नसेल. पण हँडल लोण्यासारखं येतंय हे दुसऱ्या ओढीला कळलं, तरी ती थांबली नाही, हे खरं. पडद्यावर १८.६ आले. सरांनी टाळ्या वाजवल्या, पेढे आले. खरं सांगायला तिने तोंड उघडलं, तर त्यात कुणीतरी पेढा कोंबला. तो तिने खाल्ला. पुढे थांबलेल्या चाकावर ती एकदाही १९.२ च्या आत आली नाही. कंबर धरल्याचं निमित्त करून तिने स्पर्धा सोडली आणि मुलींना शिकवायला लागली.

आज सकाळी पंचवटीतून गाडीवर येताना तिला युक्ती सुचली होती. खोटा आकडा खोट्यानेच मोडू द्यायचा. आरोही पुण्याला जाईल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. सगळ्यांचंच भलं.

“ओढ ना!” ती पुन्हा म्हणाली.

आरोहीने मान हलवली. “नाय ताई. तुमचा रेकॉर्ड थांबल्या चाकावरचा हाय. मी फिरत्यावर मोडला, तर ती चोरीच की.”

वेदिकाचे कान तापले. कुठे तोंड लपवावं ते तिला कळेना. हॉलमध्ये लपायला जागाही नव्हती.

चाकाची घरघर बारीक होत गेली आणि थांबली. आरोही पुढे सरकली, गुडघे छातीशी आले. मग तिने पायांनी असा काही रेटा दिला, की मशीन फरशीवर हललं. अर्धी ओढ, पुन्हा अर्धी, पाऊण, मग पूर्ण. दात आवळलेले, नजर हातावरच्या अक्षरांवर. घोंघाट ऐकून सर वही घेऊन धावत आले.

१८.७.

“थोडक्यात हुकलं गं,” सर म्हणाले.

आरोही बराच वेळ वाकून धापा टाकत राहिली. मग उठली आणि रोजच्यासारखं ओलं फडकं घेऊन सीट पुसायला लागली. “सोमवारपासून मी नाय येणार, सर,” ती मान वर न करता म्हणाली.

वेदिकाने तिच्या हातातून फडकं घेतलं. फळ्यापाशी जाऊन स्वतःची ओळ पुसली. दोन वर्षं गिरवलेला खडू सहजी जाईना, तेव्हा दोन्ही हातांनी घासली.

“सर, त्या दिवशी चाक फिरत होतं,” ती म्हणाली. “मला माहीत होतं. माझा खरा आकडा १९.२ आहे.”

 सरांनी वहीची पानं मागे उलटली आणि आरोहीच्या १८.८ वर बोट ठेवलं. “म्हणजे पुण्याचं नाव एप्रिलमध्येच ठरलं होतं,” ते हळूच म्हणाले. “आरोहीचं.”

वेदिका आरोहीकडे वळली. ती रडेल, चार शब्द सुनावेल, त्याची तिने तयारी केली होती. आरोही मात्र हातावरच्या, घामाने फिसकटलेल्या अक्षरांकडे बघत होती.

“मंग ताई,” तिने विचारलं, “माझे गुडघे बरोबरच व्हते?”