घरच्या माणसांचा धडा

लेकीकडे कॅनडाला जायचं म्हणून जॉर्डनमधल्या इर्बिदला राहणाऱ्या सीरियाच्या रुकय्याबाई मोबाइलवरच्या एआयकडून इंग्रजी शिकत होत्या. "नवऱ्याचं कधी ऐकलं नाहीस, या यंत्राचं बरं ऐकतेस गं!" वांगी कोरता कोरता जाऊ चिडवायची.

आज घरच्या माणसांविषयी बोलायचं होतं. थोरल्या मुलाला, यमानला, सीरियातच लष्करी नाक्यावरच्या शिपायांनी बसमधून उतरवून नेलं, त्याला कित्येक वर्षं झाली. तो आहे की नाही, हे कुणीच सांगत नव्हतं. अडखळत, पण इंग्रजीतच त्या म्हणाल्या, "माझा यमान सुतार आहे. तो फार छान गातो."

"शाब्बास रुकय्याबाई, एकही चूक नाही!" फोन म्हणाला.



"आता हीच वाक्यं भूतकाळात सांगा."