हारांखालचा माणूस कोण?

पुस्तक राहिलं तर वाचनालय जाईल, असं हरेशने सुचिताताईंना तोंडावर सांगितलं. तेही रविवारी सकाळी अकरा वाजता, खोली वाचकांनी भरलेली असताना. हरेश म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. पुस्तकाचं नाव ‘हारांखालचा माणूस’. पुढाऱ्यांची यथेच्छ टिंगल करणारी कादंबरी, आणि हरेशने तिचं मुखपृष्ठ तेवढं वाचलेलं.

“खोली काकांची आहे मॅडम,” तो म्हणाला, “आणि पुस्तक काकांवर आहे. आता तुमीच बघा.”

काका म्हणजे गोटीरामशेठ. उलव्यात हे टॉवर उठायच्या आधी पंधरा वर्षं गावचे सरपंच. तळमजल्याची ही खोली सात वर्षांपूर्वी त्यांनीच पुस्तकांसाठी दिली. आज तिच्यात सहा कपाटं होती, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या सुचिताताई सकाळ-संध्याकाळ इथेच असायच्या. हरेशने गुरुवारी ते पुस्तक काकांच्या हातात नेऊन दिलं होतं. आज शेठ निकाल सांगायला येणार होते.

“एक काढायचं तर सगळीच काढा,” सुचिताताई म्हणाल्या. “मी आजच खोकी बांधायला घेते.”

बोलताना त्यांना रडू येत होतं. ते कुणाला दिसू नये म्हणून त्या कपाटाकडे तोंड करून उगाच पुस्तकं सरळ करत राहिल्या.

इथली रीत अशी, की वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक ओळ लिहायची. या पुस्तकाचं ते पान कधीच भरलं होतं, आता ओळी कव्हरच्या आत शिरल्या होत्या. कळंबोलीच्या लोखंड बाजारात दुकान असलेल्या मुख्तारभाईंना त्यातल्या निम्म्या पाठ होत्या.

“एकाने लिवलंय, हे घाण पुस्तक जाळा,” ते म्हणाले. “त्याच्याखाली दुसऱ्याने, आधी पूर्ण वाचा, मग माचीस मी देतो. एक बाई लिवतात, सोसायटीत लहान मुलं आहेत, असलं नको. त्याच्याखाली त्यांच्याच मुलाची सही, वाचलं म्हणून.”

खोलीत हशा पिकला. मुख्तारभाईंना तेवढंच हवं होतं.

“मागच्या आठवड्यात दोन पक्षांचे दोन कार्यकर्ते येऊन गेले. दोघांची तक्रार एकच, आमच्या साहेबांची बदनामी केली. पुस्तकात नाव कुणाचंच नाय, हरेशभाई. लेखकाला याच्याहून मोठी शाबासकी काय पायजे? मी दोनदा वाचलं. दुकानात एकटा हसत बसलो, गिऱ्हाईक परत गेलं.”

“हसण्यावारी नेऊ नका,” हरेश म्हणाला.

तेवढ्यात शेठ आले. मागे त्यांच्या पत्नी, सगुणाबाई. लोकांनी उठून जागा दिली. शेठनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि चष्मा पुसला. इतका वेळ पुसला, की सुचिताताई कपाट सोडून टेबलापाशी आल्या.

“हरेश, तू वाचलास?”

“काका, मला लोकांनी सांगितलं की…”

“वाचलास का?”

“नाही.”

“मंग बस खाली.”

हरेश बसला. शेठ सुचिताताईंकडे वळले.

“पोऱ्या बोलतो ते खरं हाय, बाई. हा मानूस मीच हाय.”

मुख्तारभाईंचंसुद्धा हसू गेलं.

“लिवनारा मना वळखत नाय, मी त्याला कवा बगितला नाय. तरी समदं म्हाईत हाय त्याला. भाषनात मी कुठं पानी प्यायचो, ते बी. दोन दिवस राग आला. तिसऱ्या दिवशी एकटाच हसाया लागलो. काय डोकं हाय त्याचं. पन एका जागी चुकलाय.”

“काय चुकलंय?” सुचिताताईंनी घाबरत विचारलं.

“पुस्तकातला पुढारी पान्याच्या टाकीचं उद्घाटन दोनदा करतो. मी तीनदा केलता.”

आता मात्र सगळे मोठ्याने हसले. शेठ हसले नाहीत.

“दोन टायमाला नळ कोरडाच. तिसऱ्या टायमाला पेपरवाले येनार व्हते. मंग पहाटे दोन टँकर टाकीत वतले. नळाला पानी आलं, बाया रडल्या. दुसऱ्या दिशी पुन्ना कोरडा. हे आजवर कोनाला बोललो नाय. त्याला कळवा, म्हनावं पुढच्या खेपेला सुधारून घे.”

त्यांनी सुचिताताईंकडून पेन्सिल मागून घेतली, कव्हरच्या आत कोपरा शोधला आणि जोर देऊन एकेक अक्षर काढत लिहिलं, ‘दोनदा नाय, तीनदा.’ मग पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं.

“हे हितंच ऱ्हानार. तुमी बी हितंच. खोकी बिकी काय बांधू नका.”

सुचिताताईंनी पुस्तक छातीशी धरलं. आता त्यांना रडू लपवायची गरज राहिली नव्हती. लोक टाळ्या वाजवायला लागले, हरेशनेही दोन वाजवल्या. शेठ पहिल्यांदाच जरा सैल होऊन हसले, जुन्या सवयीने हात जोडून चौफेर वळले, आणि सगुणाबाईंसमोर आल्यावर थांबले.

सगुणाबाई टाळ्या वाजवत नव्हत्या.

“त्या नळाला मी हळद-कुंकू लावलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “गावातल्या साऱ्या सवाशिनी घेऊन गेलती. खन, नारळ, तांदूळ. तुमी बाजूला उभं राहून बगत व्हता.”

शेठनी जोडलेले हात खाली घेतले.

“म्हंजे टँकरची ओटी भरली मी?”