हलायचं नाही

“पोरगी हलतेय,” काचेमागून आवाज आला आणि यंत्राची ठकठक थांबली.

अंकिताने गिरिजाचा घोटा आणखी घट्ट धरला. सहा वर्षांची पोर कमरेपर्यंत त्या पांढऱ्या बोगद्यात होती, बाहेर नुसते पाय. आई जवळ आहे हे तिला कळावं म्हणून अंकिता मघापासून पाय धरून बसली होती.

“गिरे, हलायचं नाही. सांगितलंय ना तुला?”

सांगितलं तर होतंच. फिट यायला लागल्यापासून अंकिताने पोरीवरची नजर काढली नव्हती. झोपेत पापणी लवली तरी ती उठून बसायची. औषधं लागू पडेनात, तेव्हा सांगलीच्या डॉक्टर बनसोडे मॅडमनी सरळ सांगितलं होतं. फिट जिथून उठते तो ठिपका मेंदूतल्या बोलण्याच्या भागाला खेटून आहे. बाहेर असला तर काढू. आत असला तर हात लावणार नाही, पोरीचं बोलणं जाईल.

पण हद्द कुठली? साध्या एमआरआयमध्ये मेंदूची साल सगळी एकसारखी राखाडी. म्हणून ही नवी तपासणी. हिच्यात मेंदूतल्या पाण्याच्या कणांची हालचाल टिपतात. प्रत्येक भागाची वीण वेगळी, म्हणून पाणीही तिथे वेगळं हलतं. ऐकता ऐकता अंकिताला तासगावचं रान दिसलं होतं. वरून सगळी माती सारखी, पण पाणी सोडलं की कळतं, काळी कुठे संपली आणि मुरूम कुठे लागला. हे डोक्याच्या आत, चाकू न लावता बघायचं. बीएस्सी झालेल्या अंकिताचे हात त्या दिवशी आपोआप जोडले गेले होते.

अट एकच, डोकं हलता कामा नये. म्हणून घरी सराव झाला. बेदाण्याच्या शेडमध्ये, जाळीच्या रॅकखाली गिरिजाला आडवं करायचं. आजीने पत्र्याचा डबा बडवायचा. जो हलेल त्याच्यावर राज्य. गिरिजा एकदाही हरली नव्हती. आज नेमकी हलली.

मॅडम आत आल्या. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग अंकिताच्या हाताकडे.

“तुम्ही जरा बाहेर बसा. आजींना पाठवा.”

आपले भरलेले डोळे त्यांना दिसले असणार, असं अंकिताला वाटलं. ती मुकाट्याने बाहेर आली.

“आत्या, आत सोनं-चांदी काही चालत नाही.”

तिच्या सासूबाईंनी, रंगूबाईंनी, गळ्यातलं काढून सुनेच्या तळहातावर ठेवलं. लग्नापासून ते कधी उतरलं नव्हतं. जोडवी निघेनात, ती साबण लावून काढली.

“तुज्या मामंजींना सांगू नगंस. जेवायचे न्हाईत आज,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत त्या स्टुलावर बसल्या. हात मांडीवर. शेडमध्ये बसायच्या तशाच, फक्त डबा नव्हता. पुन्हा ठकठक सुरू झाली. अंकिता सासूचं मंगळसूत्र मुठीत आवळून काचेपलीकडची ती दोन चिमुकली पावलं बघत राहिली. या वेळी ठकठक मध्ये कुठे थांबली नाही.

दुपारी मॅडमनी बोलावलं. पडद्यावर तीच साल होती, पण आता रंगांची. शेजारी शेजारी वाफे पाडावेत तसे भाग वेगळे झाले होते.

“हा बोलण्याचा भाग. ही त्याची हद्द. आणि ठिपका हा, हद्दीच्या बाहेर. अजून थोड्या तपासण्या आहेत, पण ऑपरेशन करता येईल.”

अंकिताने त्या वाफ्याकडे डोळे भरून पाहिलं. पोरीचं ‘आई’ तिथे होतं. रुसणं, भांडणं, गाणी, सगळं तिथेच. पाण्याच्या नुसत्या हालचालीवरून माणसांनी ते शोधून काढलं होतं.

“नशीब, दुसऱ्यांदा हलली नाही,” ती म्हणाली.

गिरिजा आजीच्या मांडीवर बेदाणे खात बसली होती.

“मी पयल्यांदाबी न्हाई हलले,” तोंडातला घास गिळून ती म्हणाली. “ठकठक झाली की तूच माजा पाय वडत हुतीस, आई. आता राज्य तुज्यावर.”