ओळखीचा सांधा

दुपारी साडेबाराला परीक्षकांनी फरहीनची खुर्ची स्पर्धेतून बाद केली. विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या फर्निचरची ती स्पर्धा होती आणि पहिल्या नंबराला पुढचं शिक्षण पुण्यात फुकट मिळणार होतं.

खुर्चीत एकही खिळा नव्हता. परीक्षकांनी सांध्यावरून बोट फिरवलं. "पोरी, हा शिकाऊ हात न्हाई. असाच सांधा माझ्या दाराच्या चौकटीला आहे. गेल्या वर्षीच आष्टीच्या चांदपाशा मिस्त्रींनी करून दिल्ती. तुझे वडीलच ना ते?"

चांदपाशा मागेच उभे होते. उजवा हात खिशात ठेवूनच ते पुढे सरसावले. "साहेब, जरा ऐका..."

"अब्बांनीच केली, सर," फरहीन मध्येच बोलली.

"बघा, बराबर ओळखलं!" परीक्षक खूश झाले. "मिस्त्री, पोरीला असली लबाडी शिकवू नका. पण तुमच्या हाताला तोड न्हाई. आमच्या पोराच्या, वरदच्या लग्नाचा दिवाण तुम्हीच करायचा."

खुर्ची परत घेऊन दोघं बसस्टँडवर आले. चांदपाशांनी विचारलं, "झूट कायकू बोली, बेटा?"

"सच बोली तो दुकानपे कौन आता, अब्बा?"

बस लागली. फरहीनने त्यांचा उजवा हात खिशातून अलगद बाहेर काढला आणि त्यांना वर चढवलं. दोन वर्षांपूर्वी लकवा मारल्यापासून त्या हातात लाकूड कोरायची पटाशी धरवत नाही.

दिवाणाचं सागवान सोमवारी दुकानात येणार आहे.