हसऱ्या चकत्या

बालवाडीतल्या मुलांना निसर्गाचा किती लळा आहे हे मोजायला संशोधक बाई आल्या होत्या. सकाळीच बागेत पकडलेलं फुलपाखरू बरणीत घालून, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून त्यांनी ती खिडकीत उन्हात ठेवली. “हे पाहून कसं वाटतं?” विचारलं की एकेक मूल हसऱ्या नाहीतर रडक्या चेहऱ्याची चकती बरणीपुढे ठेवायचं. हसऱ्या चकत्यांची चळत वाढली तशी बाईंची कळी खुलत गेली. शेवटच्या चिमुरडीने मात्र रडका चेहरा ठेवला. “फुलपाखरू आवडत नाही का गं तुला?” बाईंचा आवाज चढलाच. “आवडतं की.” “मग रडका का ठेवलास?” “हा माझा नाही. त्याचा आहे.” बाईंनी वाकून पाहिलं. फुलपाखरू तळाशी आडवं पडलं होतं. झाकण काढायला त्यांनी बरणी धरली, तर तापलेल्या काचेचा तळहाताला चटका बसला.