मीटर चालू आहे

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी धान खरेदी केंद्रातलं ओल मोजायचं मीटर बंद पडलं. म्हणजे तसं ते पडलंच नाही. गोपीचंदच्या प्रबंधात ते एकही दिवस बंद नाही, आणि टाइप करून बांधणी केलेल्या प्रबंधाशी वाद घालणारे आपण कोण? मीटर चालू होतं, असंच धरून पुढे जाऊ.

तर मीटर चालू होतं आणि सिहोऱ्याहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बैलगाड्या खोळंबल्या होत्या. खिडकीचे गज धरून केशरबाई ओरडत होती, "ओ बाबू! माह्याच गाडीच्या येळेस काहून बिघडते तुमचं मीटर? मुहूर्त पाहून बिघडते का?"

आत केंद्राचे बाबू कृष्णराव गालावर हात धरून बसले होते. गाल आंब्याएवढा सुजला होता.

"मीटर बंद हाय," ते कसेबसे म्हणाले.

शेजारी बसलेल्या गोपीचंदनं वही मिटली. तो नागपूरहून संशोधनासाठी आला होता. विषय होता 'विकसनशील देशांतील शासकीय यंत्रणेत तंत्रज्ञानाचा स्वीकार'. विकसनशील देशांपैकी त्याच्या वाट्याला भंडारा जिल्हा आला होता. आजवर तो जिथे जिथे गेला, तिथे सरकारी यंत्र कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली रजेवर होती. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "एक तरी चालू यंत्र शोधून आणा. नाहीतर पदवी विसरा आणि काकांच्या कापडदुकानात बसा." काका गादी झटकून वाटच पाहत होते.

आणि मग हे केंद्र सापडलं. इथे मीटर चक्क टेबलावर होतं. त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं, शेजारी कृष्णरावांचा रेडिओ गात होता. प्रत्येक गाडीचं मूठभर धान मीटरमध्ये जाई, काटा हले, कृष्णराव आकडा पुकारत. सतराच्या आत असेल तर धान घ्यायचं, वर असेल तर गाडी परत. कुणी हूं की चूं करत नसे. गोपीचंद भारावून पाहत राही. कृष्णरावांना अधूनमधून धानाचे दाणे तोंडात टाकायची खोड होती. तीही त्यानं इमानदारीनं टिपली आणि पुढे लिहिलं, 'संशोधनाशी संबंध नाही.'

आता त्यानं स्वतःच मीटर उलटं केलं आणि मागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हते. सेलच्या जागी कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. तेही जुनं. माशी कधीच दुसरीकडे राहायला गेली होती.

"सेल कुठं आहेत?"

कृष्णरावांनी रेडिओकडे बोट केलं. रेडिओत कुणीतरी जीव ओतून गात होतं.

"मग काटा कसा हलतो?"

"मांगं स्क्रू हाय ना."

"आणि आकडा?"

कृष्णरावांनी तोंड उघडून दाखवलं. उजवीकडच्या दाढा केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. डावीकडे एकच उरली होती आणि सगळी सरकारी खरेदी तिच्यावर चालली होती. काल लाखनीला मेहुण्याच्या घरच्या चकलीनं तिचाही निकाल लावला होता.

"दाणा कटकन तुटला त वाळला, चेपला त ओला," कृष्णराव कण्हत म्हणाले. "पहिले लोकं भांडत ना सायेब. म्हणत, बाबू, तुमचा दात खोटा हाय. मीटर आलं अन् भांडण मिटलं. मशीनसंग कोण भांडते? लय कामाची चीज हाय. लिहा तुमच्या पुस्तकात."

"हे लिहिलं तर मला पदवी कोण देईल?"

"मंग नोका लिहू." कृष्णरावांनी गोपीचंदच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. बैलबाजारात पाहतात तसं. "तुमचे दात त बरे दिसून राहिले."

बाहेर केशरबाईनं खिडकीचे गज खडखडवले. गोपीचंदच्या डोळ्यांपुढे काकांचं दुकान आलं. लुगड्यांची चळत आली, आणि 'रंग जाणार नाही ताई, लिहून देतो' असं जन्मभर म्हणणारा स्वतःचाच आवाज आला. त्यानं केशरबाईच्या पोत्यातलं मूठभर धान मागून घेतलं, तिच्याकडे पाठ केली आणि दोन दाणे दाढेखाली धरले. दाणे चेपले. उरलेलं धान त्यानं मीटरमध्ये ओतलं आणि मागून स्क्रू पिळला.

"अठरा," तो म्हणाला.

केशरबाईनं काट्याकडे पाहिलं. काटा अठरावरच होता. ती बैलांकडे वळली.

"मीटर म्हणते त खरं हाय बाप्पा," ती जाता जाता म्हणाली. "तू म्हणला असता त तुहे दात पाडले असते."

दिवस मावळेपर्यंत रस्ता मोकळा झाला.

मार्गदर्शक सर अहवालावर बेहद्द खूश झाले. इतकं भरवशाचं सरकारी यंत्र त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी कळवलं, उन्हाळी धानाचाही अभ्यास करा. निष्कर्ष पक्के होईपर्यंत केंद्र सोडू नका. कृष्णरावांनी दूधभातावर दिवस काढले आणि रेडिओचा आवाज वाढवला. गोपीचंद चावत राहिला.

उन्हाळी धान निघालं तेव्हा त्याची डावी दाढ हलायला लागली होती. त्यानं बसून सुवाच्य अक्षरात एक अर्ज लिहिला. कृष्णरावांनी त्यावर केंद्राचा गोल शिक्का मारला आणि तो वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना केला:

'सदर केंद्रातील ओलमापक यंत्र उत्तम स्थितीत असून अखंड चालू आहे. तरी त्याचे सुटे भाग म्हणून दातांची कवळी, वरची व खालची, नग एक, तातडीने मंजूर व्हावी, आणि ती प्राप्त होताच प्रस्तुत संशोधकाच्या दातांना कार्यमुक्त करण्यात यावे, ही नम्र विनंती.'